चौथी हाक

"आधी पाणी, मग कपडे, वर तळलेल्या मांदाझ्या! शोमारी, मांदाझ्या तळाशी कोंबू नकोस!" सिती ओरडली.

"तळाशी ठेवल्या की तातूला सापडत नाहीत," शोमारी म्हणाला.

"आणि वर ठेवल्या की कुणालाच सापडत नाहीत!" सात वर्षांची तातू म्हणाली. बोलताना तिचा पुढचा दुधाचा दात दारासारखा आतबाहेर हलत होता. "तू चालता चालता सगळ्या संपवतोस!"

शोमारी आणि तातू ही आत्याची मुलं. आत्या चुलीपुढून ओरडली, "भांडत बसलात तर ओहोटी तुमच्यासाठी थांबणार नाही! मकोमाला माझ्या नणंदेकडे जायचं, आठ दिवस राहायचं आणि परत यायचं. कळलं? पुढे एक पाऊल नाही!"

"हो आत्या," सिती म्हणाली. ते खोटं होतं, म्हणून ती हळू म्हणाली.

दाराच्या चौकटीवर कोळशाच्या तेरा रेघा होत्या, बाबा गेल्यापासून दिवसाला एक. सितीने चौदावी ओढली. तिचे बाबा, हमादी, शिडं शिवायचे. पाठीवर पिशवी, पिशवीत दाभण, मेण लावलेला दोरा आणि चामड्याचा हातपट्टा. गावोगावच्या पुळणीवर थांबत, फाटकी शिडं सांधत ते किनाऱ्याने चालत जायचे आणि चालतच परत यायचे. या खेपेला जाताना म्हणाले होते, "अकरा दिवस. तुझी सुट्टी लागायच्या आत."

सितीची आई ती चार वर्षांची असतानाच गेली होती. आत्याच्या घरात माया होती, माणसंही भरपूर होती. पण संध्याकाळी सगळे एका ताटाभोवती बसले, की सितीला बाबांच्या हाताएवढी जागा रिकामी दिसायची.

कालच बसचा कंडक्टर सांगून गेला होता, "हमादी किसिमानीहून शहरात गेला म्हणे. कोंबो म्हातारा सांगत होता."

"गेला असेल!" आत्या म्हणाली होती. "माझ्या भावाचं काय, वारा फिरला की शीड फिरलं!"

 पण तेरा वर्षांत सितीने बाबांना कधी बसमध्ये चढताना पाहिलं नव्हतं. ते म्हणायचे, 'बसच्या खिडकीतून फाटकं शीड दिसत नाही.'

बाबांच्या वाटेवर मकोमा पहिला मुक्काम होता. किसिमानी त्याच्या पुढचा.

*

ओहोटीने किनारा उघडा टाकला होता. इकडे माड, तिकडे खूप लांब गेलेला समुद्र आणि मधे ओली, रिकामी पुळण. माणूस नाही, कुत्रं नाही. नुसत्या कुरल्या तिरक्या पळत होत्या आणि दक्षिणेचा कुसी वारा कानात एकच एक सूर धरून बसला होता.

"माझी पिशवी जड झाली," तातू म्हणाली.

"शिंपले टाक!"

"शिंपले नाहीत. एक दगड आहे. पण तो माझा मित्र आहे!"

शोमारीने कपाळावर हात मारला आणि बहिणीचा मित्र स्वतःच्या पिशवीत घातला.

सिती पुढे चालत होती. जाताना बाबांनी तिला एक कोडं घातलं होतं. त्यांच्याकडे कोडं नुसतं घालत नाहीत. आधी विचारायचं, "कोडं?" समोरच्याने म्हणायचं, "घाल!" मगच पुढे. बाबांचं कोडं असं होतं:

*मी पुढे लिहीत जातो,*
*तो मागे पुसत येतो.*
*जन्मभर चाललो जोडीनं,*
*कोण कुणाला भेटतो?*

तिला ते सुटलं नव्हतं. "परत आलो की सांगेन," असं म्हणून बाबा गेले होते.

मकोमाच्या पुळणीवर एक कोळी मचव्याला तेल लावत होता. त्याच्या शिडावर नवी शिवण होती. सितीने तिच्यावरून बोट फिरवलं. जवळजवळ टाके, शेवटी दुहेरी गाठ. बाबांची!

"हमादी? सहा दिवसांपूर्वी गेला," कोळी म्हणाला. "कुसी वाऱ्याने यंदा सगळ्यांची शिडं फाडलीत, म्हणून त्याला उशीर झाला. मी म्हटलं, राहा अजून, माझ्या भावाचंही शीड आहे. तर म्हणतो, नाही रे बाबा, पोरीची सुट्टी लागेल. किसिमानीला एकच शीड आहे, ते करतो नि मागे फिरतो."

सिती तिथेच वाळूत बसली. असं म्हणणारा माणूस शहरात कशाला जाईल?

"शोमारी," ती म्हणाली, "उद्या मी पुढे जाणार आहे. तुम्ही इथे राहा."

"वा! आणि मांदाझ्या कुणाच्या पिशवीत आहेत?" शोमारी म्हणाला. "उपाशी जाणार का? आम्ही येतोय!"

आत्याच्या नणंदेला त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं खरं सांगितलं. तिने त्यांना अडवलं नाही, उलट उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचं एक पुडकं सितीच्या पिशवीत घातलं.

त्या दिवशी वाट आणखी सुनी होती. एका वळणावर सितीने मागे वळून पाहिलं. त्या तिघांच्या पावलांची रांग लांबवर गेली होती आणि तिकडच्या टोकाला भरती लागली होती. लाट यायची, एक पाऊल न्यायची. पुन्हा यायची, दुसरं न्यायची.

मी पुढे लिहीत जातो, तो मागे पुसत येतो!

"समुद्र!" ती एकदम म्हणाली.

"कुठे?" तातूने विचारलं. "तो तर केव्हापासून इथेच आहे!"

सितीला हसू आलं आणि लगेच मावळलं. कोडं सुटलं होतं, पण ज्याला सांगायचं तोच नव्हता. ती झपझप चालू लागली.

*

किसिमानीत एक मचवा वाळूवर ओढून ठेवला होता. त्याचं शीड माडांना बांधून पसरलं होतं आणि सावलीत एक म्हातारा गाल फुगवून बसला होता. हाच तो कोंबो.

"शिकामू, आजोबा!" तिघांनी रीतीप्रमाणे वंदन केलं.

"मराहाबा, मराहाबा. कुणाची पोरं?"

"मी हमादीची."

"अस्सं!" कोंबोआजोबा ताडकन उठले. "मग बघ तुझ्या बापाचे प्रताप! तीन दिवस झाले, माझं शीड अर्धं टाकून शहरात पळाला! हे बघ, दोन वीत फाट तशीच आहे. मी काय आता लुंगी लावून मचवा हाकू?"

"लुंगी लावली तर मचवा जाईल," शोमारी पुटपुटला, "पण तुम्हाला घरीच बसावं लागेल."

सितीचं लक्ष शिडाकडे होतं. शिवण मधेच थांबली होती. गाठ नव्हती. आणि कापडात, जिथे शेवटचा टाका होता तिथे, दाभण तसंच टोचलेलं होतं. लाकडी मुठीचं, झिजलेलं. ते बाबांच्या बाबांचं होतं.

"आजोबा," ती दाभणाकडे बोट दाखवत म्हणाली, "माझे बाबा गाठ मारल्याशिवाय जेवायलासुद्धा उठत नाहीत. आणि हे दाभण सोडून ते कुठेच जाणार नाहीत. ते इथेच आहेत! उतरले कुठे होते?"

"माझ्या माडातल्या रिकाम्या घरात. पण आता नाही तो. मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन, आत येऊ का म्हणून हाक दिली की. होदी! होदी! होदी! तीनदा. आतून 'करीबू, या' आलं नाही. म्हणजे गेला."

"दार उघडून पाहिलंत?"

कोंबोआजोबांनी कानाला हात लावला. "तोबा! तीन हाकांना उत्तर आलं नाही तर माणसाने मागे फिरावं. मी काय चोर आहे, 'या' म्हटल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायला?"

"घर तर तुमचंच आहे!" शोमारी म्हणाला.

"पाहुणा उतरला की घर पाहुण्याचं! शाळेत हे शिकवत नाहीत वाटतं?"

पण तोवर सिती धावत सुटली होती.

घर माडांच्या पार टोकाला होतं. कुडाच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर. उंबऱ्याबाहेर बाबांच्या टायरच्या चपला होत्या, सारख्या लावून ठेवलेल्या. वाऱ्याने त्यांच्यात वाळू भरली होती.

"होदी!" सिती ओरडली. वारा. "होदी!" माडांची सळसळ. "होदी, बाबा!"

तीन हाका झाल्या. आत काही हललं नाही.

मागून धापा टाकत आलेल्या कोंबोआजोबांनी काठी आडवी धरली. "बघ! झालं ना? आता मागे फीर, पोरी. रीत म्हणजे रीत."

शोमारीने दाराला एक बोट लावलं. दार हललं नाही, आणि बाहेर कुलूपही नव्हतं. त्याचे डोळे मोठे झाले.

"आजोबा, आतून अडसर आहे! शहरात गेलेला माणूस बाहेरून आतला अडसर कसा लावेल?"

कोंबोआजोबांची काठी खाली आली. तीन दिवसांत त्यांनी दाराला हातच लावला नव्हता!

"पण... पण तरी... उत्तराशिवाय..." ते चाचरू लागले.

"आजोबा!" तातू त्यांच्यापुढे उभी राहिली आणि हलणारा दात तिने जिभेने पुढे ढकलून दाखवला. "हा बघा! ज्यांचे दुधाचे दात आहेत त्यांना होदी लागत नाही. आमच्या मदरशातल्या गुरुजींनी सांगितलंय! लहान मुलं कुठेही जाऊ शकतात. खरं की नाही?"

म्हातारा गोंधळला. "खरं आहे, पण—"

"मग मी चालले!"

बाजूच्या भिंतीत हातभर खिडकी होती, तिला तिवराच्या दोन काठ्या. शोमारीने बहिणीला उचललं आणि ती घुशीसारखी आत गेली. धप्प!

"अंधार आहे," आतून बारीक आवाज आला. "मला भीती वाटते."

"घाबरू नकोस तातू! मी इथे आहे," सिती म्हणाली.  मग तिने कुडाला तोंड लावलं आणि चौथी हाक मारली. ती 'होदी' नव्हती.

"बाबा! कोडं?"

 मग अंधाराच्या तळातून, वाळूवर वाळू सरकावी तसा आवाज आला.

"...घाल."

"मामा आहे!" तातू किंचाळली. "खाली पडलाय! अंग तव्यासारखं तापलंय!"

तातूला अडसर उचलेना. आता मात्र कोंबोआजोबांनी काठी फेकली, "या अल्ला, माफ कर!" म्हणत दाराला खांदा दिला आणि तिसऱ्या धक्क्याला दार अडसरासकट आत गेलं.

बाबा चटईवर होते. ओठ फुटलेले, शेजारी रिकामं मडकं. "जरा पडतो म्हटलं," ते पुटपुटले. "हाका ऐकल्या. आवाजच निघेना... मग हाकाही थांबल्या."

कोंबोआजोबा दारातच बसले. त्यांनी चेहरा हातांनी झाकून घेतला.

"आजोबा, रडू नका! दवाखाना कुठे आहे?" शोमारीने विचारलं.

"खाडीपलीकडे. बस उद्या सकाळी. मचव्याने घटकाभराची वाट, पण ते शीड! या वाऱ्यात दोन वीत फाट दहा हात होईल!"

सिती केव्हाच उठली होती. बाबांची पिशवी घेऊन ती पुळणीवर गेली आणि तिने दाभण हातात घेतलं. मूठ गार होती, तिच्या हाताला मोठी होती. बाबांनी जुन्या चिंध्यांवर तिला शिकवलं होतं: कापडाचा काठ दुमड, टाका मागून घे, दोरा ओढ पण कापडाला रडवू नकोस. चामड्याचा पट्टा ढिला होता, दाभण दोनदा तळव्यात शिरलं. ती थांबली नाही. मागे शोमारी आणि धावून आलेले गावकरी बाबांना बाजेवर घालून आणत होते, तातू त्यांच्या तोंडात शहाळ्याचं पाणी थेंबथेंब सोडत होती.

शेवटचा टाका. दुहेरी गाठ.

"चढवा!" सिती म्हणाली.

शीड वर गेलं. कुसी वारा त्यावर धावून आला. सगळ्यांचे डोळे एकाच जागी लागले होते. कापड फुगलं, ताणलं, करकरलं. शिवण धरून राहिली.

*

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बोट टोचून रक्त पाहिलं. हिवताप होता. "आज आणलंत म्हणून बरं," त्या म्हणाल्या. "उद्या उशीर झाला असता. कुणी शोधलं यांना?"

"या तिघांनी," कोंबोआजोबा म्हणाले. "आणि हरवलं मी. साठ वर्षं मी रीत पाळली, बाई. रीत होती माणसाची लाज राखायला. मी माणूसच विसरलो." त्यांनी तातूच्या डोक्यावर हात ठेवला. "आजपासून आमच्या गावात तीन हाकांना उत्तर आलं नाही, तर मागे फिरायचं नाही. दुधाच्या दातांचं पोर बोलवायचं!"

"लवकर बोलवा," तातू म्हणाली. तिने मूठ उघडली. तळहातावर दात होता. "माझा आत्ताच पडला!"

निरोप मिळून तिसऱ्या दिवशी आत्या बसने आली. मुलांना रागवायचं म्हणून वाटभर तिने शब्द जमवले होते. पण भाऊ बाजेवर बसून पेज पिताना दिसला, आणि ते सगळे शब्द कुठे गेले कुणास ठाऊक. तिने तिघांना एकदम कवेत घेतलं.

"माझी शहाणी पोरं!" ती म्हणाली. "मी बसवाल्याचं ऐकलं. तुम्ही दाभणाचं ऐकलंत!"

संध्याकाळी सिती आणि बाबा दोघंच दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. खाडीत कोंबोआजोबांचा मचवा डुलत होता.

"तुझं कोडं राहिलं," बाबा म्हणाले. "मी 'घाल' म्हटलं होतं."

"तुमचंच होतं. समुद्र. मला वाटेतच सुटलं." ती जरा थांबली. "बाबा, तुम्ही रोज एकटेच चालता? दिवसभर? मागे पावलंसुद्धा उरत नाहीत."

 बाबांनी तिचा टोचलेला तळवा हातात घेतला आणि मचव्याच्या शिडाकडे पाहिलं. त्यांची शिवण कुठे संपली आणि तिची कुठे सुरू झाली, ते लांबून कळत नव्हतं.

"सुट्टी किती उरली?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस दिवस."

"मकोमाला एक शीड राहिलंय. त्या कोळ्याच्या भावाचं."

आठ दिवसांनी, ओहोटी लागताच, दोघं निघाले. दोन पिशव्या, एक दाभण. किनारा तसाच रिकामा होता, वाराही तोच सूर धरून होता. बऱ्याच वेळाने सितीने मागे वळून पाहिलं. वाळूवर पावलांच्या दोन रांगा होत्या. भरती आली, की समुद्राला दुप्पट काम पडणार होतं.