उत्तरेकडच्या अंगणातले लव्हाळे

"शुन्, केवढा उशीर रे! भिजलास ना?"

सासूबाईंचे हे शब्द कानावर आले आणि मी स्वयंपाकघरात जागच्या जागी थिजले. शुन्जीला, माझ्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याची होडी समुद्रातून परत आली… तो आलाच नाही.

दारात एक परका तरुण उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं, हातात रोपांचा ट्रे. शेजारच्या चहागृहाची बाग करायला आला होता आणि चुकून आमच्या फाटकातून आत शिरला होता. त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या चेहऱ्याकडे — आणि हळूच म्हणाला, "हो आई… पाऊस फार होता."

मी त्याला फाटकापर्यंत घालवायला गेले ती संतापूनच.

"कुणाच्या मेलेल्या मुलाची जागा घेताना लाज नाही वाटत?"

"मुलगा… गेलाय?" त्याचा चेहरा उतरला. "माफ करा. त्या इतक्या खुलल्या होत्या, की नाही म्हणायला जीभच वळेना." तो वाकला, दोन पावलं गेला, आणि थांबला. "हे मागचं अंगण असं ओसाड का?"

"तिथे काही जगत नाही. उत्तरेची बाजू, ऊन नाही, पाणी साचतं."

"लव्हाळे जगतील," तो म्हणाला.

त्या दिवशी सासूबाई कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवल्या. म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला तेव्हा मी फाटक उघडलं. फक्त म्हणूनच — असं मी स्वतःला बजावलं.

त्याचं नाव तेत्सुरो ओकियामा. दूरच्या हाचिजो बेटावरचा. तिथे त्याच्या वडिलांची लव्हाळ्यांची रोपवाटिका होती. कॅमेलियाच्या झाडाखाली त्याने कुजकी माती उपसली, तळाशी खडी घातली, वर पालापाचोळ्याचं खत. मी रोपं हातात देत होते.

"गवतासाठी एवढा थाट?"

"हळू बोला, नागिसासान! गवत म्हटलं की रुसतात." त्याने फुलाचा एक दांडा तोडून माझ्या चिमटीत दिला. "फिरवून बघा. गवताची काडी गोल असते. ही?"

"हिला… तीन कडा आहेत."

"बघा! स्वभाव आहे त्यांना. तुमच्यासारखा."

"म्हणजे मी टोचते?"

"सांभाळून धरलं तर नाही." तो हसला. माझ्या बोटांना त्याची मातीने माखलेली बोटं अजून टेकलेली होती… मी हात मागे घेतला, पण जरा उशिरानेच.

पावसाळा सरला. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या पात्यांनी ते काळोखं अंगण उजळून निघालं. कधीकधी मधूनच एखादं कोरं हिरवं पातं उगवायचं. ते मुळासकट काढायचं, नाहीतर सगळा झुबका हिरवा होतो, असं तेत्सुरोने शिकवलं होतं. मी पाती शोधत बसायचे, तो ओट्यावर जवाचा चहा पीत सासूबाईंच्या गप्पांना "हो आई" म्हणायचा. आणि मला वाटायचं — हा येतो तो कुणासाठी? आणि मी वाट बघते… ती कुणाची?

हिवाळ्याच्या तोंडाशी समुद्रावर ढग गडगडायला लागले, त्याच सुमारास तो आला आणि चहाला हात न लावता बसून राहिला.

"वडिलांना झटका आला. उजवी बाजू गेली. तिथे दुसरं कुणी नाही. आजच निघतोय." मग एकदम म्हणाला, "चला माझ्याबरोबर. आईंनाही घेऊन."

"मागे एक रात्र त्यांना नणंदेकडे नेलं होतं. मला ओळखेनात, पहाटेपर्यंत ओरडत होत्या. हे घर सुटलं तर त्यांचं काहीच उरणार नाही, ओकियामासान."

त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं वाटलं, आणि विचारलं नाही म्हणून बरंही वाटलं.

फाटकाशी तो थांबला. "इतके महिने दुसऱ्याच्या नावाला ओ दिली. एकदा… माझ्या नावाने हाक माराल?"

"तेत्सुरो," मी म्हटलं. आणि मग जे गिळायचं ठरवलं होतं तेच ओठांवर आलं. "मी वाट बघायचे ती तुमचीच. शुन्जीची नाही."

त्याने डोळे मिटले. कमरेत वाकला, आणि वळून उताराला लागला.

मी परतले तर सासूबाई लव्हाळ्यांपाशी अनवाणी उभ्या होत्या.

"तो शुन् नव्हता," त्या म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ, पूर्वीसारखा. "शुन् समुद्रात गेला. हा दुसरा कुणी… भला आहे. तो आला की तू हसायचीस."

"आई…"

"माझं म्हातारीचं काय? थोरली लेक येईल, बघेल. जा पोरी. बस पुलाशी थांबते. पळ!"

मी पळाले. खरंच पळाले. पायांत चपला धड नव्हत्या. फाटकातून बाहेर पडताना, फक्त निरोपापुरतं, मी मागे वळून पाहिलं.

त्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

"अगं, या पावसात कुठे निघालीस? भात टाक बघू. शुन् यायची वेळ झाली."

खाली पुलाशी बसचा भोंगा वाजला. मग इंजिनाचा आवाज दूर दूर जात राहिला.

"कुठे नाही, आई," मी म्हटलं, आणि त्यांचे गारठलेले पाय पुसायला खाली बसले.