चिमूटभर पांढरी पूड

"ताई, माझ्या नवऱ्याला सोडवा," रखवालदाराची बायको दारातूनच म्हणाली.

ताई खासगी तपासनीस. धाकट्या भावाने धुतलेला पेला पुन्हा दोनदा विसळून त्या बाईला पाणी दिलं. त्याची ही जुनी खोड.

पर्यटकांच्या तंबूंच्या मैदानावर पिण्याच्या पाण्याने अकरा जण आजारी पडले होते. गुरुवारी आलेली एक मुलगी तर दगावलीच. मंगळवारी घेतलेला नमुना निर्दोष निघाला होता. म्हणजे घाण नंतर मिसळली, आणि टाकीची किल्ली एकट्या रखवालदाराकडे. पोलिसांनी त्यालाच धरलं.

"त्यानेच केलं," भाऊ म्हणाला. "नमुना मी घेतलाय, चोख." टपालाच्या टेबलावरून पाणीखात्यात त्याची बदली होऊन जेमतेम महिना झाला होता.

कोठडीत रखवालदार रडकुंडीला आला होता. "मंगळवारी नमुना घ्यायला साहेब यायच्या अर्धा तास आधी मालकांनी टाकीत जंतू मारायचं औषध टाकायला लावलं. नळाच्या पाण्याला त्याचा वास मारत होता."

मैदानाचे मालक तोऱ्यात होते. "जमिनीतल्या टाकीला बारीक तडा आहे, वर्षभर. त्याचं काय?"

"आणि शौचालयाचा खड्डा?" ताईने विचारलं.

"असेल दहा पावलांवर."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी नमुन्याची कोरी बाटली दाखवली. तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती. "आम्हीच घालतो. तुमचा नमुना इथे यायला पाच तास लागले."

भाऊ जांभई देत होता.

घरी ताईने भावाला आणि रखवालदाराच्या बायकोला समोर बसवलं. भावाने सवयीने पेला विसळून बाईपुढे पाणी ठेवलं.

"बाटली भरण्याआधी काय केलंस?" ताईने विचारलं.

"विसळली. तळाला कचरा होता."

"ती पूड औषधाचं काम तिथेच थांबवते. तू ती धुऊन टाकलीस. मग औषध बाटलीत पाच तास जंतू मारत राहिलं. नमुना घेताना नळाच्या पाण्यात मात्र जंतू जिवंत होते. खड्ड्यातली घाण तड्यातून वर्षभर झिरपतेय. मालकाने एका दिवसापुरती ती झाकली, आणि तू त्याला निर्दोष अहवाल मिळवून दिलास."

"मला कुणी शिकवलंच नाही, ताई."

"तेही लिही जबानीत."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल. नाहीतर हिचा नवरा जाईल तुरुंगात."

त्याने विचारलं, "नमुना बरोबर घेतला असता तर?"

"बुधवारी मैदान बंद झालं असतं."

गुरुवारी आलेली मुलगी त्याला आठवली. त्याने कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

रखवालदाराची बायको सही होईपर्यंत थांबली. ताईला हात जोडून ती निघाली. पेल्यातलं पाणी तिने तसंच ठेवलं होतं.