'तापीपार'चं पोस्टर

निरंजन सर त्या दिवशी तुकईथडला गेले ते एक जुनं पोस्टर बघायला. बुऱ्हाणपुरात तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी मृणाल बंगळूरला. लालबागच्या घरात त्यांच्या सोबतीला होती ती सिनेमांची चारशे पोस्टरं. एकेक घडी उलगडायची, वारा द्यायचा, कडुनिंबाचा पाला बदलायचा आणि पुन्हा मिटून ठेवायची, यातच त्यांचा दिवस जाई.

"सर, ही रद्दी कशाला?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "अरे, पोस्टर टिकावं म्हणून कोणी छापतच नाही. भिंतीला चिकटवायचं, आठ दिवसांनी त्याच्यावर दुसरं चढवायचं. त्यातून जे वाचलं त्याला मोल. आणि ज्या पिक्चरची रिळंही उरली नाहीत, त्याचं पोस्टर म्हणजे..."

इथं ते थांबत. पुढचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ते तीन वर्षांचे होते तेव्हा त्यांची आई सिनेमात काम करायला घर सोडून गेली. परत आली नाही. वडिलांनी तिचे सगळे फोटो चुलीत घातले आणि तिचं नाव घरात बंद केलं. फक्त मरायच्या आदल्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "'तापीपार' नावाचं पिक्चर होतं. त्यात ती रॉकेलची चिमणी घेऊन दारात उभी राहायची. तेवढंच काम तिचं."

चौकशी केली तेव्हा कळलं, त्या पिक्चरची रिळं केव्हाच जळून गेली होती. बाकी सगळी पोस्टरं सरांनी वाटेत सापडली म्हणून गोळा केली. शोध होता तो या एकाचा.

पत्ता सांगितला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं, लोटूनं. तुकईथडच्या गोदाबाई त्याच्या लांबच्या आत्या. त्यांचा नवरा, कौतिक, टॉकीजची पोस्टरं गावोगाव चिकटवायचा. तो कधीच वारला होता. म्हातारी केळीच्या मळ्याला लागून दोन खोल्यांत एकटी राहत होती.

सर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. केळीची पानं हलत नव्हती. गोदाबाईंनी पेटीतून एक घडी काढून दिली आणि त्या मागं सरकून बसल्या.

सरांनी जमिनीवर पिशवीतलं जुनं धोतर पसरून पोस्टर उलगडलं. नजर सवयीची. आधी खालची पट्टी पाहिली. छापखान्याचं नाव जागेवर होतं. कागद त्या काळचा होता. भिंग लावलं तर आताच्या छपाईतले ठिपके नव्हते, दगडी छापाचा दाणा होता. टाचणीचं भोक नाही, कोपरा फाटलेला नाही. पाठ कोरी. म्हणजे हे भिंतीला कधी लागलंच नव्हतं.

वर नायक-नायिकेचे भले मोठे चेहरे होते. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, वीतभर दारात, चिमणी घेतलेली एक बाई. सरांनी भिंग तिच्यावर नेलं. तसा तिचा चेहरा दाण्यादाण्यांत विरून गेला. भिंग दूर केलं की दिसे. जवळ नेलं की नाही.

"तुमचं कोन हाय ह्यात?" गोदाबाईंनी विचारलं.

"आई."

म्हातारी पदर सावरून पुढं सरकली.

"भाऊ, ह्याची चाळीस पोस्टरं आली व्हती. आमच्या ह्यांनी निंबोल्यापासून असीरगडपर्यंत चिकटवली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार उघडलं तं... सगळी दारात. ओली. खळीनं लदबदलेली."

"कुणी काढून आणली?"

"कोन आननार चाळीस गावांची? पुन्हा लावली, पुन्हा आली. मंग ह्यांनी तापीत सोडली. हे एकच न चिकटवलेलं राह्यलं व्हतं. मला सोडवलं नाही पान्यात. बाई मानसाचं तोंड हाय त्याच्यावर." त्या थांबल्या. "कोनाला तरी धुंडत असंल ती. तुम्ही घेऊन जा. पन मला पैसे नका देऊ."

सरांनी खूप आग्रह केला. गोदाबाईंनी हात पुढं केला नाही.

त्या आठवड्यात सरांनी पोस्टर पलंगासमोर ठेवलं. सकाळी उठले की आधी तिकडं बघायचे. आरशात स्वतःची हनुवटी न्याहाळायचे आणि पुन्हा त्या वीतभर दाराकडं वळायचे. मृणालच्या फोनवर ते पहिल्यांदाच नीट हसले. पण आईबद्दल तिला सांगणं त्यांना जमलं नाही.

मग मुंबईहून हर्षल आला. तो जुन्या पोस्टरांचं प्रदर्शन भरवत होता. त्यानं पोस्टर पाहिलं आणि खालीच बसला.

"सर, पिक्चर नष्ट, पहिल्या प्रदर्शनाचं पोस्टर, एकच प्रत, आणि तीही न चिकटवलेली! लोक यासाठी आयुष्य घालवतात." मग त्यानं नाक जवळ नेलं. "पण याला खळीचा वास कसा येतोय? ताज्या... आंबट..."

त्यानं ते प्रदर्शनासाठी मागितलं. महिनाभरासाठी पोस्टर द्यायला सर कबूल झाले ते एवढ्यासाठीच, की आईला चार माणसांनी पाहावं. हर्षलनं त्यांच्यासमोर पोस्टर गुंडाळून नळीत घातलं, झाकणावर चिकटपट्टी लावली, त्यावर सरांची सही घेतली आणि तो गेला.

त्या दिवशी घर फार मोठं वाटलं. सर जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला दारावर काहीतरी सपकन आपटलं. सरांनी दार उघडलं. गल्ली उन्हानं पांढरी पडली होती. चिटपाखरू नव्हतं. उंबऱ्याबाहेर 'तापीपार'चं पोस्टर पडलं होतं, चिंब ओलं. पाठीवर दाट खळ होती आणि ती कुंचल्यानं लावलेली नव्हती. हातानं फासलेली होती. पाच बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते.

त्यांनी हर्षलला फोन लावला.

"सर, मी आता तुम्हालाच करणार होतो... नळी रिकामी आहे. पट्टी तशीच आहे, तुमची सही तशीच आहे... सर? ऐकताय ना?"

सरांनी फोन ठेवला. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. साठ वर्षं ज्याच्याकडं कुणी परत आलं नव्हतं, त्या माणसाकडं कुणीतरी आलं होतं. त्यांनी पोस्टर दोन्ही हातांवर उचललं, उंबरा ओलांडून आत आणलं आणि टेबलावर पसरलं. शेजारी खुर्ची घेतली. आंबट वासात, पंख्याच्या घरघरीत त्यांचा डोळा लागला. इतकी गाढ झोप त्यांना कैक वर्षांत आली नव्हती.

दिवेलागणीला जाग आली ती हाकेनं. समोरच्या अलकाताई दारात उभ्या होत्या.

"सर, मेहमान आल्या ना तुमच्याकडं?"

"कोण?"

"एक बाई. दुपारी इथंच उभ्या होत्या. लुगडं ओलं होतं पूर्ण. मी विचारलं, कोण पाहिजे? तर म्हणाल्या, 'बाळ झोपलंय का?' मी म्हटलं, इथं बाळ नाही कोणी, सर अकेले राहतात. तर हसल्या आणि दार लोटून आतच गेल्या. मला वाटलं, नात्यातल्या असतील."

"बाहेर... कधी आल्या?"

"आल्याच नाहीत ना. मी तेव्हापासून ओट्यावरच बसलेय."

अलकाताई गेल्या. सर घरात वळले. दिवा न लावता दोन्ही खोल्या पाहिल्या. कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात गेले. ते चहासुद्धा कोराच घेत. घरात दूध येणं बंद झालं त्याला सहा वर्षं झाली होती.

ओट्यावर वाटी होती. वाटीत दूधभात होता, लहान मुलाला भरवायला कुस्करतात तसा, मऊ कुस्करलेला. वर अजून वाफ होती. अर्धा संपलेला होता.

सर वाटीवर वाकले. मग त्यांनी हळूच ओठांवरून हात फिरवला. बोटाला भाताचं शीत चिकटलं.