मोठ्या भट्टीचा पहिला धूर

"माझं मांस कुणीतरी मुद्दाम नासवलंय!" असं म्हणत ती बाई आत शिरली आणि भाऊजींच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली म्हणजे वहिनींची कचेरी. वहिनींनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेल्या गोदामांची चौकशी केली होती. आता त्या खासगी तपास घेत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवणं, वहीत टिपणं काढणं आणि नेमक्या चुकीच्या माणसावर संशय घेणं ही तीन कामं ते मन लावून करत.

बाईने टेबलावर डबा ठेवला. भाऊजींनी आशेने झाकण उघडलं आणि दुप्पट घाईने लावलं.

"डिझेल!"

"सहा तास मंद धुरावर शिजवलेलं मांस आहे ते," बाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "घरात मला धाकटी म्हणतात, तुम्हीही म्हणा. कारखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाक करते. आता स्वतःची खाण्याची गाडी लावायची आहे. त्यासाठी स्मोकरचा, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीचा ट्रेलर घ्यायचाय. दोन बघितलेत."

"कसे आहेत?" वहिनींनी विचारलं.

"एक लहान, तयार मिळणारा. लाकडाच्या गोळ्या टाकायच्या, बटण दाबायचं, पंखा आग सांभाळतो. दुसरा मोठा. जाड पत्र्याची टाकी, मागच्या टोकाला भट्टी, खरी लाकडं. एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी बनवलाय. त्याला दिवसभर आगीशी बसणारं माणूस लागतं."

"आणि ते माणूस?"

"माझे बाबा. त्यांनी जन्मभर भट्ट्या सांभाळल्या. आई गेली त्याला वर्ष झालं. तेव्हापासून नुसते खिडकीशी बसून असतात. मोठा ट्रेलर घेतला तर बाबा माझ्याबरोबर येतील. लहान घेतला तर खिडकी आहेच."

काल मिस्त्रींच्या आवारात मोठ्या ट्रेलरची चाचणी झाली होती. धाकटी सकाळी मांस लावून कामावर गेली. मिस्त्री एका बंगल्याचं फाटक बसवायला गेले. बाबा एकटे आगीशी होते. दुपारी दोघं परतल्यावर टाकी उघडली.

"बाबांनी पहिला तुकडा खाल्ला, मान डोलावली. माझं मन राखायला, दुसरं काय! मी मात्र थुंकले." तिने पदराने नाक पुसलं. "मिस्त्रींकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय. कुणी बिघडवलं ते कळल्याशिवाय मी हो कशी म्हणू?"

"संशय कुणावर?"

"काल आवारात दोघंच येऊन गेले. लहान ट्रेलर विकणारा दुकानदार, आणि..." ती थांबली. "माझा सख्खा भाऊ. दादा पहिल्यापासून नको नको म्हणतोय. काल मी त्याला वाट्टेल ते बोलले. आता तो माझा फोन उचलत नाही."

"दुकानदारच!" ती गेल्यावर भाऊजी म्हणाले. "लिहून घ्या."

"लिहायचं काम तुमचं आहे," वहिनी म्हणाल्या. "चला."

मिस्त्रींच्या आवारात तो मोठा ट्रेलर उभा होता, काळा कुळकुळीत, दोन चाकांवर. मिस्त्री शेजारी नवऱ्या मुलीच्या बापासारखे घुटमळत होते. "एकेक जोड हाताने मारलाय हो. मीच माझ्या लेकराला नाट कशाला लावू?"

वहिनी लाकडांच्या राशीकडे गेल्या. वरच्या ओळी जशाच्या तशा होत्या. सगळ्यांत खालच्या ओळीतून आठ-दहा ओंडके काढलेले दिसत होते. राशीमागे जमिनीवर वाळू पसरली होती.

"ही वाळू कशाची?"

"परवा जनरेटरचा डबा लवंडला. वर वाळू टाकली, झालं."

वहिनींनी गुडघे टेकून खालचा एक ओंडका ओढून काढला, हुंगला आणि भाऊजींच्या हातात दिला. मग वरचा एक हुंगला आणि परत ठेवला.

"हा माझ्या गाडीत?" भाऊजी कळवळले. "महिनाभर घाण जायची नाही! डिझेलमध्ये बुडवलाय कुणीतरी."

दुकानदार गुळगुळीत चेहऱ्याचा होता. "गेलो होतो, बाराच्या सुमाराला. दुसऱ्याचा माल बघायला कोण जात नाही? फाटकातूनच म्हणालो, आजोबा, वास बरोबर येत नाहीये. तर सांडशी घेऊन अंगावर आले! भल्याची दुनिया नाही राहिली."

"पेटलेल्या भट्टीच्या किती जवळ गेलात?"

"सांडशीच्या टप्प्यात कोण जाईल, बाई?"

दादा औषधांच्या दुकानात काम करत होता. कपाटं लावता लावता बोलला. "दहा वाजता बाबांना थर्मासमधून चहा दिला. घाण वास येत होता. वाटलं, नवा रंग जळतोय. डोकं चढलं म्हणून पंधरा मिनिटांत निघालो." मग आवाज खाली आला. "मी नको म्हणत होतो ते खरं. सत्तरीच्या माणसाला आगीपुढे बसवायचं म्हणजे... पण बहिणीच्या अन्नात मी डिझेल घालीन? असं वाटलंच कसं तिला?"

शेवटी बाबा. दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघराच्या दाराशी बाबांची खुर्ची. पाहुण्यांसाठी त्यांनी दूध तापत ठेवलं आणि येऊन बसले. हात मोठे, बोटांवर जुने भाजल्याचे डाग.

"कालचं सगळं सांगा," वहिनी म्हणाल्या.

आगीचा विषय निघताच म्हातारा ताठ बसला. "लाकूड खालच्या ओळीतलं घेतलं. वरचं दवाने ओलं असतं. वरचं उचलतो तो अडाणी. लाकूड तडतडलं नाही, म्हणजे कोरडं. टाकीला हात लावून बघत होतो, आच बरोबर होती. धूर आधी काळसर होता, पण नवं लोखंड असं करतंच. पुढे निळा, पातळ झाला. तसाच हवा."

"मध्ये कुठे उठून गेलात?"

"आगीला एकटं सोडत नाहीत."

भाऊजी एकदम नाक वर करून उठले. "काहीतरी करपतंय!" ते बाबांना ओलांडून आत धावले. पातेल्याच्या तळाशी दूध पार काळं झालं होतं.

"विसरलोच," बाबा पुटपुटले. "वय झालं."

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी नुसताच "येतो आम्ही" म्हणून नमस्कार केला. गाडीत बसल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं.

"चार वाजता सगळ्यांना आवारात बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, आज कुणाला हसू नका."

चारला सगळे ट्रेलरभोवती जमले. दादा बहिणीपासून चार हात लांब उभा राहिला. बाबा भट्टीजवळच्या स्टुलावर बसले.

"आपण सगळे साप साप म्हणून भुई धोपटत होतो," वहिनी म्हणाल्या. "कुणीही काहीही बिघडवलेलं नाही."

"पण तो ओंडका?" भाऊजींना राहवेना.

"तोच ओंडका सांगतो. डिझेल फक्त खालच्या ओळीत आहे. वाईटावर असलेला माणूस ते वरच्या लाकडांवर ओतेल, कारण चारचौघं वरचीच उचलतात. परवा मिस्त्रींचा जनरेटरच्या डिझेलचा डबा लवंडला. वाळूने वरचा ओघळ झाकला, बाकीचं डिझेल राशीखाली मुरलं. खालची लाकडं कोण काढतं? ज्याला आग खरोखर कळते तो. बाबांनी जाणत्या माणसाचं काम केलं, म्हणूनच फसले."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला.

"पण वास?" धाकटीने विचारलं. "बाबांनी एकेक लाकूड हातात घेतलं. सहा तास बसले इथे."

"दादांचं पंधरा मिनिटांत डोकं चढलं. दुकानदारांना फाटकातून वास आला. बाबा आगीशी होते, आणि त्यांनी पहिला तुकडा खाऊन मान डोलावली. तुम्हाला वाटलं, तुमचं मन राखलं. मला आज त्यांनी कालची सगळी हकीकत सांगितली. लाकडाचा आवाज सांगितला, टाकीची आच सांगितली, धुराचा रंग सांगितला. धुराचा वास मात्र एकदाही सांगितला नाही. मग दारापलीकडे दूध करपलं. ते भाऊजींना कळलं, आणि दाराशी बसलेल्या बाबांना कळलं नाही." वहिनींचा आवाज अगदी हळू झाला. "याच्या पुढचं सांगायचा हक्क माझा नाही."

बाबा आपल्या हातांकडे बघत होते.

"थंडीत ताप आला होता ना," ते म्हणाले. "त्या तापात गेला. वास येतच नाही मला. वाटलं, येईल परत. मग तू मोठ्या भट्टीचं बोलू लागलीस. म्हणालीस, बाबा, तुमच्या भरवशावर घेतेय. डोळ्यांनी, हातांनी निभावून नेईन म्हटलं. हा दुकानदार वासाचं बोलला तेव्हा घाबरलो, म्हणून धावून गेलो." त्यांनी मान वर केली. "काल तू थुंकलीस तेव्हा कळलं, माझ्याच हातून झालं. तू दादाला नको नको ते बोलत होतीस आणि मी गप्प बसलो. पोरा, माझं चुकलं."

दादा चार पावलं चालत आला आणि बाबांच्या स्टुलाशी उकिडवा बसला. धाकटीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

"मला सांगायचं होतं बाबा," धाकटी म्हणाली.

"सांगितलं असतं तर लहान घेतला असतास."

"घेतला असता," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने भट्टीच्या दाराची कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली. "मिस्त्री, त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगा. मोठाच घेते मी. लाकूड पेटवण्याआधी मी हुंगून देईन. मला कारखान्यात काम असेल तेव्हा दादा देईल. त्याचं नाक तर सशासारखं आहे."

"रविवारी सुट्टी असते मला," दादा म्हणाला.

भाऊजी वहीत तोंड खुपसून उभे होते. त्यांना लिहायचं काहीच नव्हतं.

वहिनी निघणार तेवढ्यात बाबा लेकीला हळूच म्हणाले, "मांसाचं एवढं नाही गं. तुझ्या आईच्या कपाटाचं... रोज उघडतो. तोंड खुपसतो तिच्या कपड्यांत. काहीच येत नाही. वाटलं, तिचा वास गेलाच असेल आता, वर्ष झालं."

धाकटी खाली बसली. तिने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"नाही गेला बाबा. परवाच उघडलं होतं मी. तिच्या साबणाचा येतो. आणि तुमच्या जुन्या भट्टीच्या धुराचा, तुमच्या सदऱ्यांना यायचा तोच."

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"अजून येतो?"

"येतो."

"पुन्हा सांग," बाबा म्हणाले.