तिसरी झांज

भाऊ गेल्यावर त्याच्या खोलीतलं सगळं आवरून झालं. राहिल्या त्या ड्रमच्या तीन मोठ्या झांजा.

दुकानदाराने त्या पारखायला म्हणून घरी दिल्या होत्या. एक ठेवायची, दोन परत करायच्या. भाऊ मोठ्या वाद्यवृंदात ड्रम वाजवायचा. कार्यक्रम संपला की नवशिके वादक त्याला सोडून त्याच्या झांजांभोवती गर्दी करायचे, वाकून त्यांच्यावरचा शिक्का वाचायचे. जणू झांज तीच घेतली की हातही तोच मिळणार होता. भावाला याचं हसू यायचं. त्याची निवड शिक्क्यावर नव्हतीच, ती त्याच्या बहिणीच्या, ताईच्या कानावर होती.

ताई इस्पितळात श्रवणचाचणी घ्यायची. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानात बारीक आवाज सोडायचा आणि सांगायचं, ऐकू येतोय तोवर हात वर ठेवा. नवी झांज आली की भाऊ हीच शिक्षा ताईला द्यायचा. तिने पाठ करून उभं राहायचं, त्याने एकच टोला द्यायचा, आणि नाद विरेपर्यंत तिचा हात वर. विरताना जिचा नाद कुठे अडखळला नाही ती झांज घरात राहायची. नापसंत झांज तो तिथल्या तिथे पालथी घालायचा. ताईचा हात लवकर खाली आला, तर मागून येऊन तिच्या मनगटाखाली दोन बोटं टेकवायचा आणि तो पुन्हा वर उचलायचा.

"ताई, घाई कसली? अजून आहे."

तसा तर नाद कधीच संपत नाही, ती समजावायची. निम्म्याचा निम्मा होत जातो, आपल्याला ऐकू येईनासा होतो इतकंच. मग मी तरी वेगळं काय म्हणतोय, असं तो विचारायचा. एवढ्या चोखंदळपणापायीच याचं लग्न राहून गेलं, असा टोमणा आतून आई मारायची.

या तीन झांजांसाठी त्याने ताईला रविवारी बोलावलं होतं. शुक्रवारी सकाळी तो झोपेतून उठलाच नाही.

आता ताईला आईला आपल्या घरी न्यायचं होतं. आईचं जेवण दोन घासांवर आलं होतं, त्यात न्हाणीघरात पडून उजवा हात प्लास्टरमध्ये. पण ती जागची हलेना.

"त्याचं निवडायचं राहिलंय," ती म्हणाली. "अर्धवट टाकून कशी येऊ?"

ताईने वाद घातला नाही. माणसं अशा वेळी कशाला तरी धरून बसतात, हे तिला कळत होतं. चार दिवस जाऊ द्यावेत म्हणून तीच आईकडे राहायला आली.

झांजा पलंगावर शेजारी शेजारी होत्या, मधला फुगवटा वर. एका संध्याकाळी ती कामावरून आली तर डावीकडची पालथी होती. आईला विचारलं, तर ती म्हणे खोलीकडे फिरकलीच नाही. ताईने झांज उचलून पाहिली. चांगली जड होती. एका हाताने उलटवायला गेलं असतं तर चादर चुरगळली असती. चादर सपाट होती.

तिने झांज सरळ केली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं, तर डावीकडची पुन्हा पालथी होती. मधलीही.

मधलीला ताईने हात लावलेला नव्हता. तिच्या काठावर ठसे होते, वर चार बोटांचे, खाली अंगठ्याचा. ताईने स्वतःची बोटं त्यांवर ठेवून पाहायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

आई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"एकच राहिली," ती म्हणाली. "ती काही तो तुझ्याशिवाय घ्यायचा नाही. उद्या सुट्टी आहे ना तुला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने तिसरी झांज स्टँडवर चढवली. आई दाराजवळच्या खुर्चीत बसली, प्लास्टरचा हात मांडीवर, दुसरा त्याच्यावर. खिडकीतून आलेलं ऊन तिच्या पायांशी होतं.

ताईने टोला दिला, पाठ फिरवली आणि हात वर केला.

नाद उमलला, पसरला, मग खाली उतरू लागला. कुठेच अडखळला नाही. आईने डोळे मिटले. गेल्याच महिन्यात हा नाद ऐकून भाऊ लहान मुलासारखा हसला असता, असं ताईच्या मनात आलं.

नाद धाग्याएवढा झाला.

मग तोही गेला.

ताईने हात खाली घ्यायला सुरुवात केली.

हात खाली येईना.

मनगटाखाली दोन बोटं टेकली होती. कोमट. एकाला ड्रमची काठी धरून पडलेला घट्टा होता.

"संपला का गं?" आईने डोळे मिटूनच विचारलं. "संपला असेल तर निघू आपण."

ताईच्या कानात स्वतःच्या रक्ताची सळसळ तेवढी होती. तिने मागे पाहिलं नाही. हातही ओढून घेतला नाही.

"अजून आहे," ती म्हणाली.

ऊन आईच्या पायांवरून सरकत भिंतीवर गेलं, मग भिंतीवरूनही गेलं. ताईचा हात वरच होता, आणि दुखत नव्हता.