ड्रेनमधलं बहरोट

“ओवी! ओऽऽवी!”

उर्वीने तिसऱ्यांदा हाक मारली, पण सात वर्षांच्या बहिणीचा पत्ता नव्हता. आणि शेजारच्या पारशी गुलरुख आंटींच्या किचनमधला, कधीच न विझणारा काचेच्या ग्लासातला दिवाही गायब!

“हे बघ!” तिचा मित्र सलिल ओरडला. मागच्या दारापासून थेट पायवाटेपर्यंत तेलाचे थेंब सांडले होते.

सकाळी ऑपरेशनला जाताना आंटींनी तो दिवा प्रतापमामाच्या हवाली केला होता. पण मामाने फोनवर वणव्याची वॉर्निंग पाहिली आणि हात झटकले. “आज टोटल फायर बॅन! मीटिंग संपली की दिवा बंद!”

“मामा, बॅन घराबाहेरच्या आगीला असतो!” उर्वीने सांगून पाहिलं, पण मामा कुठला ऐकतोय! वर त्याने ओवीला चिडवलं, “दिवा विझला की आंटी खल्लास!” आणि हसत हसत ऑनलाइन मीटिंगला जाऊन बसला. ओवी मात्र हसली नव्हती, हे उर्वीला आत्ता आठवलं.

“सलिल, ती बहरोटला गेलीय!”

बहरोट म्हणजे आंटींच्या घोलवड गावाजवळचा डोंगर. फार पूर्वी पारशांच्या संजाण गावावर हल्ला झाला, तेव्हा पारशी पुजाऱ्यांनी पवित्र अग्नी तिथल्या गुहांमध्ये नेला आणि बारा वर्षं जपला, ही आंटींची लाडकी गोष्ट. इथे परदेशातल्या सपाट पॉइंट कुकमध्ये डोंगर कुठला? गुहा म्हणावी अशी जागा एकच, पायवाटेखालचं पावसाच्या पाण्याचं ड्रेन!

बाहेर वारा भणाणत होता. गुडघाभर गवत वाळून कडकडीत झालं होतं. एक ठिणगी पुरे होती.

“मेट, आत विषारी टायगर स्नेक असले तर?” सलिल ड्रेनच्या तोंडाशी थबकला.

“मग तू थांब इथेच.”

“नो वे!”

दोघं वाकून आत शिरले. पायाखाली काहीतरी सळसळलं. पानंच होती! मग दूर एक ज्योत दिसली. ग्लास गुडघ्यांत धरून ओवी उकिडवी बसली होती.

“डोन्ट कम! मी बारा वर्षं बसणार!”

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. ज्योत आडवी झाली आणि शेजारच्या पाचोळ्याने पेट घेतला, ओवीच्या फ्रॉकपासून वीतभर अंतरावर! सलिलने पाण्याची बाटली उघडली.

“पाणी नको! तेल आहे, भडकेल!” उर्वीने ओवीला मागे खेचलं आणि ओंजळी भरभरून तळाची वाळू फेकली. पाचोळा विझला. दिवा अजून जळत होता. तिने डोळे मिटले आणि एक ओंजळ त्याच्यावरही टाकली. मिट्ट काळोख!

“तू आंटीला मारलंस!” ओवी किंचाळली.

हा सगळा वेडेपणा आहे हे उर्वीला कळत होतं, तरी विझलेला ग्लास तिला तिथे सोडवेना.

बाहेर येतात तो समोरून मामा धावत आला. कानाला फोन, चेहरा पांढराफटक. उर्वीने ओवीचा हात घट्ट धरला.

“आंटींचा फोन आहे,” तो धापा टाकत म्हणाला. “ओवीशी बोलायचंय म्हणतायत, आणि ही घरात नाही!” त्याने स्पीकर लावला.

“आंटी, मी... मी दिवा विझवला!” उर्वीला रडू फुटलं. तिने घडलं ते सगळं सांगून टाकलं.

पलीकडून क्षीण आवाज आला, “दीकरी, माणसं जगली म्हणूनच अग्नी बहरोटला पोचला ना? तुम्ही तिघं धडधाकट आहात, बस! दिवा काय, काडी ओढली की लागतो. शाबास, माझी वाघीण ती! आणि प्रताप, नव्या दिव्यापाशी मी येईपर्यंत तू बसायचंस. मीटिंगबिटिंग बंद!”

मामाने मान खाली घातली.

ओवीने दोन्ही हातांनी फोन धरला. “आंटी, तू खरंच आहेस ना?”

“आहे गं, आहे! आणि सॉलिड भूक लागलीय!”