गळ्यात बांधलेली काच

आमची पहिली भेट झाली ती अशी, की मी त्याच्या तोंडावर शिंकले.

खरंच सांगते. हिरड्याच्या कोठारातून मी पाटी घेऊन बाहेर पडत होते, नाकात सकाळपासून पूड भरलेली, आणि दारातून हा आत येत होता. शिंक काय कुणाला विचारून येते? त्याच्या भुवया, मिशी, पांढरी टोपी — सगळं पिवळं झालं. मला वाटलं, आता हा शिवी हासडणार. पण त्यानं तोंडसुद्धा पुसलं नाही. हातातली काचेची पट्टी उजेडाकडे धरली आणि कळवळून म्हणाला, "गेली! काच गेली!"

"फुटली का?"

"फुटली नाय. हिच्यावर कोठारातली धूळ धरून मोजायची होती. आता काय, तुझी शिंक मोजू?"

"मोज की," मी म्हटलं. "फुकटच हाय."

तो हसला. दात तेवढे पांढरे दिसले... आणि मी पाटी घेऊन भलत्याच बाजूला चालू लागले.

त्याचं नाव तुका. जामसरचा, आमच्यातलाच, पण शाळा शिकलेला आणि जव्हारच्या दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली लागलेला. मी रुपी, शिरपामाळाच्या पायथ्याच्या पाड्यावरची. विलायतेत तेव्हा मोठी लढाई चालली होती. सोल्जरांच्या बुटांना कातडं लागतं आणि कातडं कमवायला हिरडा, असं मुकादम सोम्या सांगायचा. म्हणून माघापासून आम्ही वीसेक बाया कोठारात बसून लाकडी मोगरीनं हिरडा फोडायचो. त्याची पूडही विकली जायची. वाऱ्यानं ती उडू नये म्हणून ठेकेदारानं कोठाराला एकसुद्धा खिडकी ठेवली नव्हती. ओठ, जीभ, घसा, सगळं दिवसभर तुरट असायचं.

माझी थोरली बहीण गौरा माझ्या आधी तीन वर्षं तिथं बसत होती. पाड्यावर लग्न कुणाचंही असो, गाणी गौराबायनंच म्हणायची. त्या वर्षी एका लग्नात ती अर्ध्या गाण्यात थांबली. खोकला लागला तो थांबेचना. नवरा-नवरी तशीच ताटकळत उभी राहिली, शेवटी बाकीच्या बायांनी कसंबसं गाणं उरकलं. गौराबाय घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवसापासून मला मोगरीचा आवाजसुद्धा नकोसा झाला होता.

म्हणून तुका कशाला आलाय हे कळल्यावर माझा जीव त्याच्या काचांमध्ये अडकला. डॉक्टरसाहेबांनी जव्हारच्या राजाच्या दरबाराला लिहिलं होतं, कोठाराला खिडक्या पाडा, बायांची छाती बिघडतेय. वरून उत्तर आलं, खोकला थंडीनंही येतो, धूळ किती आहे ते आकड्यात दाखवा. तुकाच्या हाती चार दिवस होते. काचेला तेलाचा पातळ हात लावायचा, ती अर्धा दिवस कोठारात ठेवायची, मग भिंगाखाली धरून तिच्यावर चिकटलेले कण मोजायचे.

दुसऱ्या दिवशी तो काचा लावून गेला आणि तिसऱ्या दिवशी तोंड पाडून आला. "काचा जवळजवळ कोऱ्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, याच्यापेक्षा जास्त धूळ तर आपल्या दवाखान्यात हाय."

मी हातातली मोगरी खाली ठेवली. "तुका... काल आम्ही पहाटेच आलो होतो."

"कशाला?"

"तू येणार म्हणून. आम्ही जमीन सारवली, सडा घातला. पाहुण्याला काय धुळीत उभा करायचा?"

त्यानं पायाखालची सारवलेली जमीन बघितली. "सारवायला कुणी सांगितलं?"

"मीच," मी म्हटलं आणि मान खाली घातली. एवढ्यात मागं गौराबाय खोकली आणि मला रडूच आलं. माझ्याच हातानं मी तिचं नुकसान केलं होतं.

"रडू नको गं," तो हळूच म्हणाला. "माझ्यासाठी आजवर कुणी सडा घातला नव्हता."

मग तो नवी काच घेऊन दाराशेजारच्या खांबाकडे निघाला. कालच्या काचाही तिथंच लावल्या होत्या, मुकादमानंच ती जागा दाखवली होती. दारातून वारा येत होता, धूळ तिथं ठरतच नव्हती. मी डोळे पुसले.

"तो खांब खोकतो का रं?"

"म्हणजे?"

"खोकते गौरा. खोकते मी. आमचं नाक त्या खांबावर टांगलंय का? मोगरी पडते तिथं पूड उडते, आन् मोगरीवर वाकलेलं असतं आमचं तोंड. काच तिथं लाव."

तुका खांबाजवळ थांबला. एकदा काचेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग सरळ माझ्यासमोर येऊन बसला. "बांधू गळ्यात?"

बाया खुसखुसायला लागल्या. त्यानं काचेला दोरा गुंडाळला. माझ्या हनुवटीखाली वीत धरली, पण हवेतच, बोटसुद्धा लागू दिलं नाही. तेवढ्या अंतरावर, मण्यांच्या सरीखाली, त्यानं काच बांधली. त्याच्या हाताला औषधांचा वास होता, आणि गाठ दोनदा सुटली.

"तेल लावलंय ना... निसटेल," तो पुटपुटला.

"काच का तू?"

तो कानापर्यंत लाल झाला. मी मोगरी उचलली. सकाळभर फोडला तेवढा हिरडा मी जन्मात कधी फोडला नसेल.

भाकरीच्या सुट्टीत तो बाहेर मोहाच्या झाडाखाली वाट बघत बसला होता. मी काच सोडली, बघितली... शी! अशी पिवळी बरबटलेली वस्तू त्याच्या हातात कशी द्यायची? माझ्या गळ्यातून निघालेली! मी पदरानं पुसली. डाग गेले नाहीत तेव्हा थुंकी लावून पुसली. लख्ख करून मोठ्या तोऱ्यात त्याच्यापुढं धरली.

"रुपी," काच उजेडाकडे धरून तो म्हणाला, "पुसलीस?"

"मंग? तुझी वस्तू तुला मळकी देऊ?"

तो कपाळाला हात लावून बसला. मग हसायला लागला, आणि त्याचे डोळे भरून आले. "तेलात तुझा अंगठा तेवढा उमटलाय."

"आण, फेकून देते."

"राहू दे," तो म्हणाला आणि काच रुमालात गुंडाळली. "उद्या शेवटचा दिवस. कितीही मळू दे, तशीच दे मला. मला तुझी लाज वाटणार नाय गं. कधीच."

शेवटच्या दिवशी मुकादमानं डाव साधला. मला बाहेर अंगणात पोती शिवायला बसवलं. तुका दारात काच घेऊन उभा, आणि बाकीच्या बाया मुकादमाच्या भीतीनं खाली बघणाऱ्या. गौराबाय त्या दिवशी घरीच थांबणार होती. पण कुठून कळलं कोण जाणे, पदर खोचत ती आली.

"बांध रं माझ्या गळ्यात," ती तुकाला म्हणाली. "खोकला माझा हाय, तर काच पण माझी."

"गौराबाय, नको! आत बसू नको!" मी ओरडले.

"गप. एवढा एकच दिवस."

अर्धा दिवस ती आत बसली. बाहेर पोतं शिवताना मला तिचा प्रत्येक खोकला ऐकू येत होता. दाभण चारदा बोटात घुसला. दुपारी ती बाहेर आली, दारालाच टेकली, आणि काच माझ्या हातात ठेवून कशीबशी हसली. "तूच दे त्याला. आन् पुसू नको हां बाई!"

मी काच ओंजळीत धरून जव्हारपर्यंत चालत गेले. तुका बरोबर होता. दवाखान्यात त्यानं ती भिंगाखाली ठेवली. भिंगात दिसणारा एकेक बारीक चौकोन मोजत गेला, पुन्हा मोजलं, डॉक्टरसाहेबांनी येऊन स्वतः मोजलं. मग तुका बाजूला सरला. "बघ."

मी डोळा लावला. बारीक बारीक कण, एकाला एक चिकटून, जागाच नाही. "हे सगळं गौराबायच्या छातीत गेलं?"

"हे काचेवर राहिलं," तो म्हणाला. "आत गेलं ते मोजायचं भिंग आमच्याकडे नाय."

मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही. मागून तो अडखळत बोलायला लागला, "रुपी... तू तिथं बसतेस, आन् मी इथं बसून कण मोजतो. माझा जीव थाऱ्यावर राहत नाय. मला तू आवडतेस. तुझ्या घरी येऊ का मागणी घालायला?"

हो म्हणायला तोंड उघडलं, आणि भलतंच बोलून बसले. "माझ्या लग्नाचं गाणं गौराबाय म्हणेल. मधे न थांबता पुरं म्हणेल, तेव्हाच."

त्यानं मान हलवली. "थांबतो मी," म्हणाला.

पंधरा दिवसांनी दरबाराचा हुकूम आला. कोठाराच्या मागच्या भिंतीला चार खिडक्या पाडल्या आणि रोज सकाळी सडा घालायचं ठरलं, आता खरोखरीचा. मुकादम महिनाभर माझ्याशी बोलला नाही. गौराबाय पुन्हा कोठारात गेली नाही. तिचा खोकला पावसाळ्यात कमी झाला, थंडीत परत उसळला, मग पुन्हा कमी झाला. दर बाजारच्या दिवशी तुका मोखाड्याला भेटायचा आणि पहिलं हेच विचारायचा, "गाते का गं?" मी कशी आहे हे नंतर. खोटं कशाला सांगू, मला त्याचा रागही यायचा आणि त्याच्यासाठी जीवही तुटायचा.

पुढच्या वैशाखात गौराबाय स्वतःच म्हणाली, "आण त्याला. मी गाते."

मांडवात आम्ही दोघं शेजारी उभे होतो. गौराबायनं सूर लावला. आवाज पूर्वीचा नव्हता, पण तिचाच होता. अर्ध्यावर तिचा श्वास तुटला, ती थांबली, छातीवर हात ठेवून पुन्हा उचललं. थोड्या वेळानं आणखी एकदा थांबली.

शेजारी तुका पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते.

"काय पुटपुटतोस?" मी विचारलं.

"दोनदा थांबली गं," तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला. "तू म्हणाली होतीस, न थांबता..."

गौराबायनं शेवटची ओळ धरली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हा वेडा आकडा धरून बसला होता! मी सगळ्यांदेखत त्याचा हात घट्ट धरला.

"मोजू नको आता," मी म्हटलं. "ऐक."